कडेला ठेवलेली कळशी

टीव्हीवर मॅच लागली की आप्पा एक डोळा मिटायचे, उजवा हात लांब करायचे आणि हातातलं जुनं पोस्टकार्ड बरोबर पडद्याच्या मधोमध येईल असं धरायचे. म्हणजे बॅट, बॉल, विकेट सगळं पोस्टकार्डाआड. उरायची ती नुसती कड. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा टीव्हीची दृष्ट काढतोय. मलाही तसंच वाटलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं क्वार्टर आणि बाजारात माझा फोटो स्टुडिओ. पुण्याच्या एका पेपरला ते बातम्या पाठवायचे, आणि बातमीला फोटो लागला की मला हाक मारायचे. मी खुटबाव गावचा, ते शेजारच्या राहू गावचे. तेवढ्यावर आमचं गोत्र जमलं.

आप्पांची नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्कची. वॅगनवर चिठ्ठी एक आणि आत माल दुसराच, हे रोज बघून त्यांचा वर लिहिलेल्या गोष्टींवरचा विश्वासच उडालेला. चिठ्ठी वाचावी, पण वाकून वॅगनखाली काय सांडलंय ते बघावं, असं ते नव्या पोरांना शिकवायचे. हीच रीत त्यांनी खेळाला लावली. आठवड्यातून एकदा त्यांचं ‘कडेकडेनं’ नावाचं सदर यायचं. खेळाच्या पानावर यायचं, पण कोण जिंकलं याचा त्यात कधी उल्लेख नसायचा. ज्या देशात खेळ भरलेत त्या देशानं जगाला काय दाखवलं, काय झाकलं, आणि टीव्हीवाल्यांनी ते झाकायला कसा हातभार लावला, एवढंच असायचं.

नव्वदच्या दशकात दौंडात केबल आली आणि जगातले सगळे खेळ आमच्या घरात शिरले. आम्ही खेळ बघायचो, आप्पा कुंड्या बघायचे. एकदा कुठल्याशा परदेशी स्टेडियमच्या दारात फुलांच्या शेकडो कुंड्या मांडल्या होत्या. आप्पांनी पोस्टकार्ड धरलं आणि सांगितलं की कडेच्या कुंडीवर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच आहे. म्हणजे कालच आणल्यात आणि परवा परत जातील. दुसऱ्या एका फुटबॉलच्या मॅचमध्ये गोलकीपरचे पांढरे मोजे दुसऱ्या हाफमध्ये हिरवे झाले. अख्ख्या दौंडात ते फक्त आप्पांना दिसलं. वाळलेल्या गवताला रंग मारला होता म्हणे. त्यावर त्यांनी अख्खा लेख लिहिला. आणि तो खोटा वाटत नव्हता बरं का, हीच त्यातली गंमत.

टीव्हीवर समालोचक त्या देशाचं कौतुक करायला लागला की आप्पा चहाचा कप खाली ठेवायचे. म्हणायचे, “यजमानाच्या ताटात जेवतोय त्यो. मीठ कमी हाय म्हनंल का?” आणि कॅमेरा एखाद्या कोपऱ्याकडे वळून झटकन परत फिरला, की मांडीवर थाप मारून म्हणायचे, “पळाला.” पोलिसानं कुणाला ढकललं असेल, खुर्च्या रिकाम्या असतील, शाळेची पोरं उन्हात चक्कर येऊन बसली असतील. काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण पळाला म्हणजे तिथं बातमी आहे, हा त्यांचा सिद्धांत. घर बघायचं तर मोरीच्या बाजूनं शिरावं, बैठकीत काय, कुणीही चादर बदलतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या बायकोनं आमच्या मोरीला फरशी बसवून घेतली.

या खोडीनं त्यांनी एक सोयरीकही मोडत आणली होती. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलेले. सगळे मुलीकडे बघतायत आणि हे भिंतीकडे. रंग कपाटापर्यंतच नवा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग पोहे संपवून त्यांनी बशी उलटी केली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, बशीवर शेजाऱ्याचं नाव निघालं. एवढ्यावरच थांबले असते तर बरं, पण त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तेव्हापासून त्यांना कुठल्याही बैठकीत पुढं बसू दिलं नाही. ते लग्न पुढं झालं आणि चांगलं झालं. आप्पांचं म्हणणं, उसन्या बशीत पोहे देणारी माणसं वाईट नसतात, पण आपल्याला बशी उसनी आहे एवढं माहीत असावं.

मला ते ‘नाटक कंपनी’ म्हणायचे. चुकीचं नव्हतं. पुढाऱ्याचा हार नीट दिसला नाही तर मी तो परत घालायला लावायचो. झाड लावून झालं असलं तरी खोरं पुन्हा हातात द्यायचो. “सायेब, जरा हिकडं बघून माती टाका,” हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलंय कुणास ठाऊक. आप्पा शेजारी उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, “झाला का तुजा परवेश?” मला राग यायचा. पण फोटो त्यांना माझाच लागायचा.

तर मुख्य गोष्ट. भीमेच्या पल्याड, शिरूर तालुक्यातल्या एका गावात कबड्डीची मोठी स्पर्धा ठरली. बाहेरच्या दोन देशांचे संघ येणार होते, त्यामुळे फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द गावाच्या नावापेक्षा मोठा होता. गावच्या मंडळींनी जीव तोडून तयारी केली. शाळा रंगवली, झाडांच्या बुंध्यांना चुना मारला, रस्त्यावर मुरूम टाकला. आणि मैदानाच्या पूर्वेला, शाळेपासून विहिरीपर्यंत, दोन पुरुष उंचीचं हिरवं कापड बांधलं. कापडामागं बौद्धवस्ती होती.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी आम्ही माझ्या स्कूटरवरनं गेलो. पत्रकारांना मांडवात खुर्च्या होत्या, सरबत होतं. आप्पांनी बसल्या बसल्या पोस्टकार्ड काढलं आणि मैदान झाकलं. इतकी वर्षं परदेशात बघितलेलं आता समोर तीस पावलांवर होतं. माणूस एवढा खूश झालेला मी कधी बघितला नव्हता. म्हणाले, “जा, त्या पडद्यामागचा एक फोटो मार. असा पायजे की पुण्यात लोकांचा चहा थंड झाला पायजे.” मी म्हटलं, तुम्ही पण चला की. तर म्हणाले, “मला कड हितनं दिसती.” पाहुणे यायची वेळ झाली होती, ते सोडायचं नव्हतं, हेही खरं.

कापडाच्या शेवटी फट होती, तिथून मी आत गेलो. आणि माझी पंचाईत झाली. वस्ती स्वच्छ होती. अंगणं सारवलेली, दोन घरांवर टीव्हीच्या अँटेनाच्या काड्या, विहाराला नवा निळा रंग. एकच तेवढं होतं, अख्ख्या वस्तीला पाण्याचा नळ एक आणि त्याला करंगळीएवढी धार. नळावर एक पन्नाशीची बाई कळशी भरत होती. अंगावर नवं पातळ, कारण वस्तीतल्या बायकाही सामने बघायला निघाल्या होत्या. कळशी पितळेची, चिंचेनं घासलेली, उन्हात डोळे दिपवत होती. मी कॅमेऱ्यातनं बघितलं. झकास फोटो होता, पण कॅलेंडरचा. चहा थंड करणारा नव्हता.

शेजारी गोठ्यापाशी तेलाचा एक गंजका डबा पडला होता. मी म्हटलं, “मावशी, कळशी जरा बाजूला ठेवा. तो डबा घ्या हातात.”

ती म्हणाली, “त्यो म्हशीचा डबा हाय.”

“फोटोत कळत न्हाई.”

फोटोवाला सांगतो ते लोक करतात. यावरच तर माझा धंदा चालला. तिनं कळशी दगडावर ठेवली, पदर सावरला आणि म्हशीचा डबा धारेखाली धरला. मी पदर सावरायचं नको म्हटलं. तीनच फोटो काढले आणि परत मांडवात येऊन सरबत प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट नेहमीप्रमाणे पुण्याच्या शटलच्या गार्डकडे गेलं. त्या काळी आमच्या बातम्या अशाच जायच्या, गार्डच्या हाती, आणि पुणे स्टेशनवर पेपरचा शिपाई घ्यायला यायचा. लेख पहिल्या पानावर आला, फोटो तीन कॉलम. आप्पांनी जन्मभरात लिहिला नसेल असा लेख होता. वर्षानुवर्षं आपण दुसऱ्यांचे पडदे मोजले, आता आपल्या दारचा बघा, असा त्याचा सूर. त्याच संध्याकाळी कापड उतरलं. पुण्याहून फोन आले, मालधक्क्यावर पेढे वाटले गेले. मलाही लोक चौकात थांबवून हात मिळवायला लागले. मला तो डबा आठवत नव्हता असं नाही. पण कौतुक चालू असताना माणूस मधे तोंड घालत नाही.

लेख छापून आल्यावर चौथ्या दिवशी आप्पा माझ्या स्टुडिओत आले. मागं एक तिशीचा माणूस होता, लोको शेडमधला फिटर. मी त्याला तोंडओळखीनं ओळखत होतो. आप्पांनी पेपर काउंटरवर ठेवला आणि त्याला म्हणाले, “इचार.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, “माझ्या आईच्या हातात म्हशीचा डबा कुनी दिला?”

शेडमध्ये त्याला चार दिवस लोक विचारत होते की रेल्वेचा पगार खातोस आणि आईला एक कळशी घेऊन देता येत नाही का. कुणीतरी त्याच्या लॉकरवर तो फोटो चिकटवला होता. तो आधी आप्पांकडे गेला होता. आप्पांनी त्याला सांगितलं होतं, फोटो आहे बाबा, फोटोत होतं ते आलं. मग तो निघाल्यावर त्यांनी सवयीनं पोस्टकार्ड काढलं आणि फोटोचा मधला भाग झाकला. बाई झाकली, डबा झाकला. उरली कड. कडेला, दगडावर, छापताना काळवंडलेलं काहीतरी गोल दिसत होतं. आप्पांनी त्याला अर्ध्या वाटेवरनं परत बोलावला आणि दोघं माझ्याकडे आले.

“निगेटिव्ह काढ,” ते म्हणाले.

हरवली म्हणून सांगता आलं असतं. तसं ओठावर आलंही होतं. पण तो फिटर काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता, आणि त्या हातांकडे बघून मला खोटं बोलवेना. मी निगेटिव्ह लावली, कडेचा तेवढाच भाग मोठा करून प्रिंट काढली. ओल्या कागदावर कळशी हळूहळू वर आली. पोटावर ठिपक्या ठिपक्यांनी घातलेलं नाव होतं. आप्पांनी भिंग लावून वाचलं. ‘भागाबाई हिस, मुलाकडून, पहिला पगार.’

फिटरनं मान वळवून घेतली. मी जे झालं ते सांगून टाकलं, डब्यासकट आणि पदरासकट. आता आप्पा फाडून खाणार, अशी माझी तयारी होती. ते बराच वेळ भिंग पुसत बसले. मग म्हणाले, “तू एकट्यानं न्हाई केलं. मला काय पायजे ते तुला ठाव हुतं, तू ते आनलंस. आन् मी सगळ्या जगाच्या फोटोंची कड बघितली, ह्येचीच न्हाई बघितली. कारन ह्यो मला आवडला हुता.”

त्या रात्री त्यांनी पेपरसाठी खुलासा लिहिला. कापड खरं होतं, नळ खरा होता, डबा आम्ही दिला होता, भागाबाईंची माफी मागतो. सरळ लिहिलं होतं. संपादकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, कापड खरं, वस्ती खरी, पाण्याचे हाल खरे, मग एका भांड्यानं काय फरक पडतो? उलट गाववाल्यांच्या हाती कोलीत मिळेल. आप्पा म्हणाले, “सायेब, गाववाले बी ह्येच म्हनत्यात. मैदान खरं, खेळाडू खरं, मंग एक पडदा लावला तर काय बिघडलं?” खुलासा छापून आला नाही. पुढच्या आठवड्यात आप्पांनी पाकीट पाठवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गार्ड काही दिवस ब्रेक व्हॅनच्या दारात उभा राहून वाट बघायचा, मग त्यानंही सोडलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय. एका रविवारी आप्पा कॅमेरा घे म्हणाले आणि आम्ही परत भीमा ओलांडली. या वेळी ते मागच्या वाटेनं, वस्तीतूनच शिरले. भागाबाई अंगणात गहू निवडत होत्या, मुलगा घरीच होता. आप्पांनी हात जोडले. पेपर छापत नाही, म्हणून तोंडानं सांगायला आलोय म्हणाले. आणि तुमची हरकत नसेल तर कळशी घेऊन फोटो काढू, तो मी घरोघर वाटीन, शेडमध्ये लावीन.

भागाबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “पडदा लावला तवा मला लई राग आला हुता. पर त्यो माजा राग हुता, आप्पा. तुमी त्यो उचलला आन् माज्या हातात म्हशीचा डबा दिला. त्यांनी झाकलं, तुमी उगडं केलं. इचारलं कुनीच न्हाई.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग त्या उठल्या. कळशी आतून आणून ओट्यावर ठेवली आणि पेल्यात पाणी ओतून आप्पांच्या हातात दिलं. म्हणाल्या, “माजा फोटू नगं. एकदा तुमच्या मनासारकी हुबी ऱ्हायले, त्येवडं बास. ह्यांचा काडा, पानी पिताना. आन् कळशी यिऊ द्या त्यात.”

मी फोटो काढला. हिकडं बघा म्हटलं नाही, चष्मा नीट करा म्हटलं नाही. आप्पा पाणी पीत होते, गळ्याशी थोडं सांडलं होतं, एक डोळा उन्हानं मिटला होता.

पुढं काही वर्षांनी चीनमध्ये मोठे खेळ भरले. उद्घाटनाच्या दारूकामातला काही भाग टीव्हीवर आधीच तयार करून दाखवला होता, असं पेपरात आलं. सगळ्या दौंडाला आप्पांची आठवण झाली. लोक घरी गेले, आता लिहा म्हणाले, हे तर तुमचंच काम. आप्पा तेव्हा निवृत्त होते, गुडघे गेले होते. पोस्टकार्ड खिडकीला, फट बुजवायला लावलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मी तितं गेलो हुतो का?” लोक म्हणाले, पूर्वी तरी कुठं जात होता? त्यावर ते हसले आणि चहा मागवला. मला वाटतं, त्यांचं पूर्वीचंही सगळं खोटं नव्हतं. हिरवे मोजे मी स्वतः बघितले होते. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही, आणि बोलायला हवं होतं.

दीड वर्षानं आप्पा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. बँकेत नोकरीला आहे, व्यवस्थित माणूस. फ्रेमसाठी फोटो हवा होता, आणि आप्पांचा एकट्याचा धड फोटो घरात एकही नव्हता. माझ्याकडे तो पाणी पितानाचा होता. मुलानं बघितला आणि म्हणाला, चेहरा चांगला आलाय, पण हा पेला काढा, ही कळशी कापा, मागं निळा पडदा टाका आणि अंगावर कोट घाला. आता कॉम्प्युटरवर हे सगळं होतं. आमच्या भागात निम्मी माणसं मेल्यावर पहिल्यांदा कोट घालतात, आणि तो मीच घालतो. एकच कोट आहे, करडा, तालुक्यातल्या शेकडो भिंतींवर तोच आहे.

मी कोट काढला. आप्पांच्या खांद्यावर बसवून बघितला. बसला नीट. मग मी दोन्हीच्या प्रिंट काढल्या, मशीन बंद केलं आणि त्यांच्या घरी गेलो. काकूंना दोन्ही दाखवले. त्यांनी कोटवाला बाजूला सारला. म्हणाल्या, “त्यांनी कोट कवा घातला हुता? आन् कड कापू नगा.” मुलगा म्हणाला, आई, कळशीवर कुणा बाईचं नाव आहे, दहाव्याला लोक काय म्हणतील? काकू म्हणाल्या, “वाचतील.”

दहाव्याला भागाबाई आल्या. मुलाच्या हाताला धरून, आता चांगल्याच वाकल्या होत्या. फोटोपुढं फूल वाहिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. नजर आप्पांवरून कडेला गेली. मी मागंच होतो. मला त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कळशीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “नाव आलंय का?”

“आलंय, मावशी,” मी म्हटलं, आणि वाचून दाखवलं. भागाबाई हिस, मुलाकडून, पहिला पगार.

“मंग बराबर हाय,” त्या म्हणाल्या, आणि आत काकूंपाशी जाऊन बसल्या.